जागेवाल्याचा घास

माळावर उतरल्या उतरल्या माझ्या लेकीने सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. मी तिची आई, पण मलाही सूट नाही. माझ्या पर्समधून खोबऱ्याची वडी निघाली, शेजारणीच्या पिशवीतून चिवडा, आणि एकीच्या टॉवेलात गुंडाळलेला लाडवांचा डबा. शाळेत असताना हिचं दप्तर मी असंच उपडं करायची, त्याचा वचपा काढतेय की काय असं मला वाटलं. खाण्याचं जे जे निघालं ते तिने घट्ट झाकणाच्या पिंपात भरलं आणि पिंप गाडीत नेऊन ठेवलं.

"तंबूत खायची एक वस्तू नको," ती म्हणाली. "वास आला की उंदीर येतात, उंदरांमागे साप. कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबळ्या."

आवाज अजिबात चढवला नव्हता, तरी शेजारणीने कमरेची बडीशेपेची पुडी निमूट काढून दिली. नणंदबाईंच्या पिशवीत फक्त एक नारळ आणि कुंकवाची डबी होती. नारळ सोललेला नव्हता, म्हणून तो तेवढा सुटला.

या नणंदबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. ठाण्याला कोर्टात नोकरी करून निवृत्त झाल्या, पण उलटतपासणी काही सुटली नाही. माझा नवरा साठीचा झाला तरी त्यांच्यासमोर पायावर पाय टाकून बसत नाही. या खेपेला त्यांना त्यानेच धाडलं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

झालं असं, की लेकीने मागच्या वर्षी मानपाड्याच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडली आणि बायकांना रानात मुक्कामाला न्यायचं काम सुरू केलं. डोंबिवलीजवळच्या कोपरला आमच्या घरात बाल्कनीत कुंड्यांच्या जागी तंबू आले. नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या काही उतरेनात. "माणसांची भीती, जनावरांची भीती, आणि ही दुसऱ्यांच्या बायकांची जबाबदारी अंगावर घेते," असं तो मला सांगायचा, म्हणजे तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. शेवटी एकदा जेवताना ती म्हणाली, "पप्पा, आत्याला पाठवा. तिने येऊन सांगितलं की हे सेफ नाही, तर मी नोकरी धरते. परत विषय नाही काढणार."

मला तिचा असा राग आला. शब्द द्यायचा तो द्यायचा, आणि तोही नणंदबाईंच्या जिभेवर ठेवायचा? पण पोरगी माझीच. नाकावर माशी बसू देत नाही. मग मी आमच्या इमारतीतल्या बायका गोळा केल्या, नणंदबाईंना ठाण्याहून उचललं, आणि आम्ही मुरबाडच्या पुढे या माळावर आलो.

माळावर येण्याआधी तिने गाडी गावात थांबवली होती. पोलीस पाटलांच्या ओटीवर आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. आम्ही कोण, कुठे झोपणार, कधी निघणार, हे तिने पाटलांना आणि त्यांच्या बायकोला नीट सांगितलं. तंबूही असे लावले, की गावातल्या शेवटच्या घराचा दिवा दिसावा. नणंदबाई हे सगळं बघत होत्या. चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत.

ऊन उतरलं तशी एक मोटारसायकल आली. दोघंजण होते, उतरले नाहीत, नुसते थांबले. पुढचा हसून म्हणाला, "कुठनं आलात ताई? किती जणी आहात? बरोबर कोणी गडी माणूस नाय वाटतं."

आता आपल्या माणसांची खोड अशी, की कोणी विचारलं की सांगायचं. गाव कोणतं, मुलं किती, जावई काय करतो, सगळं. नणंदबाई पुढे सरसावून म्हणाल्या, "आम्ही ना बाळा, डोंबिवलीहून..."

"आत्या, चूल बघ जरा," लेक मधेच म्हणाली आणि त्या दोघांसमोर जाऊन उभी राहिली. किती जणी ते सांगितलं नाही. गडी माणूस आहे की नाही तेही नाही. "पाटलांकडूनच आलोय आम्ही. तुमचं नाव सांगा, त्यांना कळवते तुम्ही येऊन गेलात म्हणून." फोन कानाला लावला देखील. पुढच्याचं हसू मावळलं. "नाय, सहज विचारलं," म्हणाला आणि गाडी वळवली. लेक धुरळा बसेपर्यंत तिथेच उभी राहिली, मग पाटलांशी खरंच बोलली आणि गाडीचा नंबर सांगितला.

नणंदबाईंना मात्र ते झोंबलं. चुलीशी बसून मला म्हणाल्या, "माझं बोलणं तोडलं हिने. चार बायकांत." मी म्हटलं, "ताई, माझं तर रोज तोडते." त्या हसल्या नाहीत.

जेवायला कोंबडीचा रस्सा आणि भात होता. जेवणं झाल्यावर लेकीने भांडी तिथल्या तिथे घासून घेतली, हाडं आणि उरलंसुरलं डब्यात बंद करून गाडीत टाकलं. अंधार नुकताच पडला होता. आम्ही शेकोटीभोवती बसून गाणी म्हणत होतो, तेवढ्यात गावाकडून कुत्री आली. एक, मग तीन, मग बरीच. सगळी नणंदबाईंच्या तंबूमागे जमून एकमेकांवर गुरगुरायला लागली.

लेक उठली, टॉर्च मारला. पळसाच्या पानावर भात, त्यावर रस्सा आणि कोंबडीचा एक तुकडा.

"हे कोणी ठेवलं?"

"मी," नणंदबाई म्हणाल्या. त्यांच्या माहेरी, म्हणजे माझ्या सासरी, कोकणात ही रीतच आहे. परक्या जागेत मुक्काम केला तर रांधलेल्यातला पहिला घास जागेवाल्याला. जागेवाला म्हणजे त्या जमिनीचा राखणदार. दिसत नाही, पण असतो. "न विचारता झोपायचं का कोणाच्या जागेत? तुला ठाऊक नसेल, म्हणून मीच ठेवला."

लेक काही बोलणार तोच कुत्री गप्प झाली. सगळी एकदम. मग शेपट्या पायात घालून ती धावत आमच्यात घुसली, एक तर थेट माझ्या साडीला येऊन चिकटलं. टॉर्चचा झोत बांधावर गेला आणि तिथे जमिनीपासून थोडे वर दोन डोळे लकाकले.

नणंदबाई हात जोडून मटकन खाली बसल्या आणि काहीतरी पुटपुटू लागल्या.

"आत्या, उठ!" माझी लेक ओरडली. आमच्या घरात या बाईवर आजवर कोणी आवाज चढवला नव्हता. "खाली बसू नको. बसलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. उभी राहा. सगळ्या एकत्र या, पळायचं नाही, पाठ नाही दाखवायची. आई, ताटं घे."

दंडाला धरून तिने आत्याला उठवलं आणि सगळ्यांच्या मधोमध उभं केलं. स्वतः पुढे. मी ताटावर डाव आपटायला लागले, बाकीच्यांनीही. एवढा गोंगाट आमच्या इमारतीत कधी सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा झाला नसेल. डोळे तसेच होते. मग ते बाजूला वळले, आणि नाहीसे झाले. गावाकडून बॅटऱ्या हलताना दिसल्या. ताटांचा आवाज ऐकून पाटील आणि चारपाच माणसं येत होती.

त्या गडबडीतही एक गोष्ट मी बघितली. पानावरचं अन्न उचलायचं होतं आणि नणंदबाई कळवळून म्हणत होत्या, "टाकू नको गं, त्याला दिलेलं आहे." दुसरी कोणी असती तर वैतागली असती. माझ्या लेकीने ते पान अलगद उचललं, डब्यात ठेवलं, झाकण लावलं. "टाकत नाही, आत्या. पाटलीणबाईंना विचारू, इथला जागेवाला कुठे असतो. सकाळी तिथेच नेऊन देऊ. तुझा नारळ पण."

आम्हा सगळ्यांना पाटलांनी आपल्या ओटीवर झोपायला नेलं. लेकीनेच तसं ठरवलं. उगाच हट्ट केला नाही, याचं मला फार बरं वाटलं.

सकाळी पाटलीणबाई आम्हाला वेशीवरच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी घेऊन गेल्या. नणंदबाईंनी पान ठेवलं, नारळ फोडला. परतताना माळावर पाटलीणबाईंनी बांधाखालचे ठसे दाखवले. "वाघरू," त्या म्हणाल्या. बिबळ्याला ते तिकडे वाघरू म्हणतात. "येतंय अधनंमधनं, कुत्र्यांसाठी. तुमी उभ्या राह्यलात ते बरं केलं."

आम्ही तंबू गुंडाळत होतो, तेव्हा नवऱ्याचा फोन आला. मला नाही, नणंदबाईंना. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांना तो तसाच घेता येतो.

"काय ताई? सेफ आहे का सगळं?"

"कसलं सेफ? वाघरू येऊन गेलं रात्री."

लेक तंबूवर गुडघा टेकून हवा काढत होती, ती तशीच थांबली. तिने मान वर केली नाही. मला तिचा फक्त अंबाडा दिसत होता, आणि मला वाटलं, गेलं, आता सोमवारपासून परत कंपनीची बस.

"ऐक पुढे," नणंदबाई म्हणाल्या. "मी घास ठेवला म्हणून ते आलं. ही होती म्हणून ते गेलं. ओरडली माझ्यावर. सगळ्यांसमोर."

"तुझ्यावर?" माझ्या नवऱ्याचा आवाज पार बदलला होता. "मग?"

"मग काय, उभी राहिले. तू पण ये पुढच्या खेपेला. आणि पिशवीत काही आणू नको, ती बघते."

लेक अजून खालीच बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते कळेना. मला मात्र रडूच आलं, आणि लपवावंसंही वाटलं नाही. मी जाऊन तंबूचं दुसरं टोक धरलं.