नेरेइदाने लखलखीत केलेल्या बावीस खुर्च्या

मोम्पोस गावात नेरेइदा ओस्पीनोशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती, आणि लाकडाच्या बाबतीत तर नव्हतीच नव्हती. तीस वर्षं ती झुलत्या खुर्च्यांना लाखेचं पॉलिश करत आली होती. उन्हं उतरली की अख्खं गाव खुर्च्या दाराबाहेर काढून बसतं, म्हणजे कुणाची खुर्ची कशी हे सगळ्यांना दिसतंच. राजधानी बोगोताहून येणारे हौशी पाहुणे म्हणायचे, जुनेपणा तसाच ठेवा, रंग उडालाय तेच छान दिसतं. नेरेइदाचं डोकं फिरायचं. ज्यांच्या घरी नवीन खुर्ची असते त्यांनाच हे असलं सुचतं, असं ती तोंडावर ऐकवायची.

त्या वर्षी ईस्टरला बारांकियाला राहणारी पोरंबाळं गावी यायची होती, म्हणून गल्लीने आपल्या एकवीस खुर्च्या तिच्या अंगणात आणून टाकल्या. तिने सगळ्या खरवडल्या, घासल्या आणि एकाच गडद तांबूस रंगात लखलखीत केल्या. बाविसावी तिच्या नवऱ्याची. एव्हेलिओ नदीवर होडी चालवायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. त्याचा तळवा टेकायचा तिथे खुर्चीचा उजवा हात काळाभोर झाला होता. मुलगी यादिरा आडवी आली.

"आई, एवढी एक राहू दे ना. बाबांचा हात आहे तो."

"हात कसला? घामाचा डाग आहे. बाबा असते तर तेच म्हणाले असते, काढ म्हणून."

डाग खोल गेला होता. नेरेइदाने दोनदा घासून तो काढलाच.

ईस्टर झोकात पार पडला, खुर्च्यांचं कौतुक झालं, आणि पुढच्याच आठवड्यात कोपऱ्यावरची बेलार्मीना आजी गेली. कुणी गेलं की नऊ दिवस त्याच्या घरी प्रार्थना चालते आणि सगळी गल्ली आपापल्या खुर्च्या त्या घरी नेऊन ठेवते. दहाव्या दिवशी सकाळी ज्याची त्याने उचलायची. एरवी त्यात कठीण काहीच नसतं. कुणाची उन्हाने विटलेली, कुणाची पोरांनी ओरखडलेली. या खेपेला आजीच्या अंगणात बावीस खुर्च्या उभ्या आणि सगळ्या एकसारख्या. एकाच खुर्चीला तिघी धरून बसल्या. दोघींची तर जुंपलीच. नेरेइदाचं नाव कुणी घेतलं नाही, पण बघत सगळे तिच्याकडेच होते.

ती डगमगली नाही. सगळ्यांना बाजूला सारून तिने खुर्च्या उलट्या केल्या. वेत कुणाचा कधी विणला, पाय कुणाचा जोडला, खालची पट्टी कुणाची वाळवीने खाल्ली, सगळं तिला तोंडपाठ. जाताजाता प्रत्येकाला खुर्ची कशी वापरायची यावर दोन शब्द सुनावून तिने अर्ध्या तासात वीस जण वाटेला लावले.

उरल्या दोन. एक तिची, एक म्हाताऱ्या क्लीमाकोची. तो आणि एव्हेलिओ जिवलग मित्र. एकाच सुताराकडून एकाच दिवशी त्यांनी जोडी घेतली होती. वेत तिने दोन्हींचा याच खेपेला नवा विणलेला. तिने त्या तीनदा उलटून पाहिल्या. मग एकीत बसून उजव्या हातावर तळवा टेकला. मग दुसरीत. दोन्हीकडे लाकूड सारखंच गुळगुळीत.

"क्लीमाकोदादा, तुमची कुठली?"

"मला काय कळतंय? दोन्हीत बूड नीट बसतंय."

यादिरा शेजारीच उभी होती. नेरेइदा तिच्याकडे वळली.

"तुझंच बरोबर होतं गं. मी तुझ्या बाबांना पुसून टाकलं."

आयुष्यात चूक कबूल करायची तिची ही पहिलीच वेळ. तिला फार लागलं ते. पण हातपाय गाळून बसणं तिच्या स्वभावात नाही. तिने उठून एक खुर्ची क्लीमाकोच्या हवाली केली आणि दर रविवारी चर्चमधून आल्यावर खुर्च्या बदलायच्या असं फर्मान काढलं. कशाला, असं त्याने विचारलं, तेव्हा मी सांगते म्हणून, एवढंच उत्तर मिळालं.

पॉलिशचं काम ती अजूनही करते, तितक्याच तोऱ्यात. फक्त आधी मालकाला खुर्चीत बसवते, हात कुठे टेकतो ते बघते, आणि तेवढ्या जागेला हात लावत नाही. कुणी चकाकीचा हट्ट धरला तर खुर्ची परत न्यायला सांगते. आणि दर रविवारी क्लीमाको खुर्ची घेऊन दारात येतो. म्हणजे दोन आठवड्यांतला एक आठवडा ती नवऱ्याच्या खुर्चीत बसते. कुठला, ते तिला माहीत नाही.