उसातली ईस्टरची वाट

आज मी जो काही आहे तो माझ्या आत्यामुळे. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं, लोकांच्या कांद्यात खुरपून शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. शाळेआधी तिनं मला प्रार्थना शिकवली.

पिंपरी पेंढारच्या बाजूला, वस्त्यांवर विखुरलेल्या थोड्या घरांची आमची ख्रिस्ती मंडळी. ईस्टरला आम्ही उजाडायच्या आधी दफनभूमीत जातो. रीत अशी, की चर्चपासून कबरींपर्यंत कुणी बोलायचं नाही. येशू उठला त्या पहाटे त्याच्या कबरीकडे निघालेल्या बायकांसारखं मुकाट्यानं चालायचं. पोचल्यावर मंडळीतली सगळ्यात वयस्कर बाई म्हणून आत्यानं "प्रभू उठला आहे" म्हणायचं, आणि आम्ही "खरोखर उठला आहे" असं उत्तर द्यायचं. मग गाणी, मग चहा.

वाट उसातून जाते आणि उसात बिबट्या आहे. मागच्या ईस्टरच्या आधी शेजारच्या वस्तीवर खुरपणाऱ्या बाईवर त्यानं झडप घातली. ती वाचली, पण तेव्हापासून बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून रानात जायला लागल्या. वन खात्याची माणसं सांगून गेली, एकटं फिरू नका, मोठ्यानं बोलत चला. आमची रीत नेमकी उलटी.

"यंदा चर्चच्या अंगणातच करू," चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, तेव्हा म्हणाले.

"अंगणात कोण पुरलंय, साहेब?" आत्या म्हणाली. "माझा मालक तिकडं हाये."

"आत्याबाई, बिबट्याला ईस्टर कळत न्हाई."

"आपल्याला तरी कळतो ना?"

शेवटी सगळेच निघालो. मी मधली जागा धरली होती. कुणाच्या हातात बॅटरी, कुणाच्या हातात काठी. अर्ध्या वाटेवर उजवीकडं उसाचं वाळलं पाचट वाजलं. आम्ही थांबलो, तसं तेही थांबलं. ओरडायला हवं हे सगळ्यांना कळत होतं, पण लहानपणापासून या वाटेवर गप्प राहायची सवय. कुणाच्याच तोंडून आवाज फुटेना. पाचट पुन्हा वाजलं, या वेळी जवळ.

"प्रभू उठला आहे!" आत्या ओरडली.

"खरोखर उठला आहे!" आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडलो. ती पुन्हा ओरडली, आम्ही पुन्हा. ऊस मोडत काहीतरी जड लांब गेलं. काय होतं ते कुणी पाहिलं नाही.

"आत्या, अजून कबरी लांब हायेत की," मंडळीचे एक पंच कुजबुजले.

"मंग काय कबरीत गेल्यावर म्हणू व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण दफनभूमी येईपर्यंत मागं वळून उसाकडं बघत राहिलो.

यंदा पंचांनी अंगणातच उपासना ठरवली. मी आता बाहेरगावी असतो; परवा पाळकसाहेबांचा फोन आला. आत्या म्हणते, तुमी करा अंगणात, मी एकटी जाईन, रीतीप्रमाणं मुकाट्यानं. ऊस तसाच उभा आहे. त्या दिवसापासून मला झोप नाही. माझा फोन ती उचलत नाही, मी काय बोलणार हे तिला माहीत आहे. म्हणून तिला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात हे पत्र लिहून पाठवलं.

"आत्या, सलाम.

तू एकटी जाणार असं कळलं. जाऊ नको म्हणणार नाही, तू ऐकणार नाहीस. पण मला भीती वाटते. तू म्हणशील प्रार्थना कर. करतो, तरी वाटते. मागच्या वर्षी मी विश्वासानं ओरडलो की भीतीनं, ते मला अजून ठरवता येत नाही. पण तू ओरडलीस म्हणून मला आवाज फुटला.

मी शनिवारी संध्याकाळी आळेफाट्याला उतरून घरी येतो. आपण दोघं जाऊ. पट्टा घाल, देवाला त्याचा राग येणार नाही. आणि या वर्षी मुकाट्यानं नको. दारातूनच सुरू कर. उत्तर द्यायला मी आहे.

तुझा पोरगा"