तातेरावदादांनी उडी मारली नाही

आमचे तातेरावदादा एकतीस वर्षं नौदलात होते. खलाशी म्हणून भरती झाले, पाणबुडे झाले आणि लेफ्टनंट होऊन बदनापूरजवळच्या आमच्या गावी परतले, ते छातीवर नौसेना मेडल घेऊन. गावाला फौजी म्हणजे सीमेवरचाच ठाऊक, त्यामुळे सत्काराच्या बॅनरवर त्यांच्यामागे चक्क रणगाडा छापला. दादांनी तो तसाच राहू दिला. मेडल कशाचं, हे मला, सख्ख्या धाकट्या भावालाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. मी मात्र त्या मेडलवर गावभर मिरवून घेतलं.

मागच्या उन्हाळ्यात माझी बायको शालू शेततळ्यात घसरली. तळ्याला प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ; आत गेलेल्याला वर चढताच येत नाही. मला पोहता येत नाही. दादा शेजारीच उभे होते.

"दादा, उडी मारा!"

"दोर आण."

माझी बायको गटांगळ्या खातेय आणि हा मेडलवाला माणूस दोर मागतोय! मी चपला फेकून तळ्याकडे धावलो, तर दादांनी काडकन माझ्या थोबाडीत मारली. ट्रॅक्टरवरचा दोर त्यांनीच आणला, टोकाला फास करून फेकला. तिसऱ्या वेळी तो शालूच्या हाताला लागला. दोघांनी मिळून तिला ओढून काढलं.

शालू वाचली. पण पारावर बोलणं सुरू झालं, "सायब पाण्याला भेले." आणि मला वाईट वाटलं ते नेमकं कशाचं, तेच कळेना. दादांच्या पाया पडू की त्यांच्याशी भांडू? आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

शालू म्हणाली, "म्या जित्ती हाये ना? मंग तोंड फुगवून काहून बसले?"

शेवटी दादांकडे गेलो. ते गोठ्यात पेंड भिजवत होते.

"दादा, तुम्ही उडी का न्हाई मारली?"

घमेल्यातली पेंड कालवत दादा म्हणाले,

"एक पोरगं जहाजावरून पडलं व्हतं. त्याच्यामागं आम्ही तिघांनी उड्या घेतल्या. पोराला घेऊन मी वर आलो. बाकीचे दोघं आलेच न्हाईत. मेडल मला भेटलं."

तरी मी विचारलंच, "मंग शालूला पाहून उडी मारावी वाटली न्हाई?"

"वाटली ना, भागवत. माझाच पाय उचलला व्हता. म्हणून तर तुला मारलं."