आगीचे तेवढे घे

आमची अंबुआत्या चायनीजच्या गाडीवर जायची ती सगळं घरून घेऊन. डब्यात सकाळचा, ताटात पसरून गार केलेला भात. दुसऱ्या डब्यात चिरलेली भाजी, कोबीच्या देठासकट. बाटलीत तेल, वाटीत चिंच-गुळाचा मिरपूड घातलेला कोळ, आणि फ्लास्कमध्ये उकळतं पाणी. गाडीवाल्या सेल्वमपुढे हे मांडून ती तमिळमध्ये म्हणायची, "तंबी, बाकी सगळं माझं. तू फक्त आगीचे पैसे घे."

हे सुरू झालं माझ्या मीनूमुळे. आठ वर्षांची होती. टायफॉइड उतरला, पण भूक काही परत येईना. डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलेलं, आणि पोरीला हवा होता तळ्याकाठच्या गाडीवरचा फ्राइड राइसच. बाकी कशालाही ती तोंड उघडेना. मी तिला सकाळ-संध्याकाळ वजनकाट्यावर उभं करायचो. ती उतरत चालली होती. एकदा तिने मलाच काट्यावर चढवलं, तर माझं वजन वाढलेलं! तिच्या ताटात उरलेलं टाकायचं नाही हा आत्याचा दंडक, आणि तो पाळायचं काम माझ्याकडे होतं.

आत्याने घरी करून पाहिला. मीनूने वास घेतला आणि ताट सरकवलं. आत्या रागावली नाही. शेगडीकडे बघत म्हणाली, "खरंच आहे तिचं. हिची आग म्हणजे समईची वात. रघू, रिक्षा बोलाव."

"आत्या, गाडीवर? गोविंदपुरमच्या देवळातल्या भजनातलं कोणी बघितलं तर?"

"बघू देत," ती आमच्या तमिळ मुलखातल्या जुन्या मराठीत म्हणाली. "मज भजन चुकत नाही. तुज पोरगी हवी की अब्रू?"

मीनूला रिक्षात बसवलं. सेल्वमने कढई उचलली, तर आत्याने फ्लास्क पुढे केला. "दोनदा धू."

तो बिघडला. "पाट्टी," तमिळमध्ये आजीला तसंच म्हणतात, "माझी कढई घाण आहे का?"

"कढई चांगली आहे रे. या माणसाची भीती धुवायची आहे," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं. गाडीभोवतीची सगळी गिऱ्हाइकं हसली. भीती तिलाही होती. पदराचं टोक तिने बोटाला करकचून गुंडाळलं होतं.

कढई दोनदा धुतली गेली. मग जाळ कढईच्या वर चढला, भात हवेत उडाला आणि रिक्षातून मीनूची मान बाहेर आली. पहिला चमचा, दुसरा, तिसरा. मग ती थांबली. आत्याचं बोट पांढरं पडलेलं.

"अंबुआजी, अजून आहे?"

दुसऱ्या दिवशी दिवसभर मी दर तासाला पोरीच्या कपाळाला हात लावत होतो. शेवटी आत्या ओरडली, "सोड रे, कपाळ झिजेल तिचं!" ताप आला नाही. मग महिनाभर आमची ही वरात निघत राहिली. शेवटी शेवटी सेल्वम न सांगता कढई धुवायचा आणि "नीट बघा हं, सार," असं मला बजावायचा.

आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. तिचा फ्लास्क मीनूने मागून घेतला. ती आता चेन्नईला होस्टेलमध्ये असते. गेल्या आठवड्यात तिला ताप होता. तीन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसाला सात-आठ फोन करत होतो. चौथ्या दिवशी तिचाच फोन आला.

"बाबा, ताप उतरलाय. मेसचा भात गिळवेना, म्हणून डब्यात घेऊन समोरच्या गाडीवर गेले."

"गाडीवर? अगं, कढई?"

"दोनदा धुवायला लावली. मैत्रिणी लाजून लांब जाऊन उभ्या राहिल्या."

"आणि तो काही बोलला नाही?"

"बोलला ना. वेडी आहेस का म्हणाला. मी म्हटलं, अण्णा, आगीचे तेवढे घ्या. डबाभर खाल्लं, बाबा."

फोन कानाशी धरून मी दुसरा हात नकळत माझ्याच कपाळाला लावला. पलीकडून ती म्हणाली, "हात काढा आता. कपाळ झिजेल."

मी हात काढला.