जंगलातली दुभाषेगिरी

आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा मी एकटाच. त्यामुळे वनखात्यातून फोन आला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, उलट फोनला उशीरच झाला असं वाटलं. निरनिराळ्या देशांतल्या काही राज्य सरकारांनी मिळून जंगलतोड आणि कार्बन कमी करायचं मनावर घेतलं होतं. त्यांचे अधिकारी एकमेकांकडची जंगलं पाहत फिरत होते. कारंजा घाडगेजवळच्या एका गावानं राखलेलं जंगल बघायला तिघे अधिकारी येणार होते, आणि त्यांना दुभाष्या हवा होता.

आठवडाभर मी 'कर्बग्रहण' आणि 'आंतरराज्यीय समन्वय' घोकत बसलो. एरवी घरी मी "मले भाजी वाढ" असंच बोलतो. बायकोनं विचारलं, "हे तिथं कोनाले समजन?" मी उत्तर दिलं नाही. विद्वान माणसं देत नाहीत.

ठरल्या दिवशी भर उन्हात सगळे मोहाच्या झाडाखाली बसलो. पाहुण्यांपैकी बोलणाऱ्या बाई ॲमेझॉनकडच्या एका राज्याच्या वनाधिकारी होत्या. गावाकडून वनसमितीच्या अध्यक्ष बोलत होत्या, पन्नाशीच्या शेतकरीण बाई. पाहुण्या बाईंनी विचारलं, कुठलं झाड तोडायचं नाही हे कोण ठरवतं? मी घसा साफ करून म्हणालो, "वृक्षतोड-निर्बंधांची निर्णयप्रक्रिया कशी आहे?"

अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, मराठीत सांगा ना."

लोक हसले. पाहुण्या बाईही हसल्या, आणि नेमकं काय झालं ते मीच त्यांना इंग्रजीत सांगितलं, म्हणजे थोडं बदलून.

थोड्या वेळानं अध्यक्षबाईंनी उलटा प्रश्न केला, "तुमच्या तिकडं तोड थांबली का?"

पाहुण्या बाई बराच वेळ बोलल्या. काही वर्षं तोड कमी झाली, मग सरकार बदललं आणि पुन्हा वाढली. त्यांच्या राज्यानं कडक पहारा ठेवला की तोडणारे हद्द ओलांडून शेजारच्या राज्यात जातात. हे सगळं ऐकून मला उगाच पाहुण्यांची अब्रू राखावीशी वाटली, आणि मी सांगून टाकलं, "हो, थांबली."

"नाई," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तिचं तोंड तसं नाई सांगून राह्यलं. एवढं बोलली, अन् तुमी दोनच शब्द सांगता?"

मी खाली मान घालून सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि घाईत वऱ्हाडीतच सांगितलं.

"मंग तं आमच्यासारखंच झालं," त्या म्हणाल्या. "आमी आमचं जंगल राखलं, तं तोडणारे बाजूच्या गावाच्या जंगलात गेले. आमाले वाटलं, आपलं तं वाचलं. दोन वर्सांत तिकडचा डोंगर बोडका झाला अन् ते लोकं पुन्हा इकडं आले. तवा दोन्ही गावं एका जागी बसलो. आता पहारा दोघांचा."

हे मात्र मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. पाहुण्या बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या की आम्ही राज्यं मिळून हेच करू पाहतोय, फक्त एका जागी बसायलाच आम्हाला फार वर्षं लागली.

पुढच्या वर्षी दुसरे पाहुणे आले. मी फोनची वाट पाहिली. नंतर कळलं की गावानं आपल्यातलीच एक मुलगी दुभाषी म्हणून दिली होती, बी.ए.ला असलेली, माझीच विद्यार्थिनी. तिला इंग्रजीत मी अगदी हात राखून गुण दिले होते. पाहुण्यांना आणि गावाला, दोघांनाही तिचं सगळं समजलं म्हणे.