कंबरेच्या पट्ट्यात बसवलेलं यंत्र

अकोटात माझं पंखे, मिक्सर आणि कूलरच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं सारं मोटरींनी शिकवलं. टेबल भिंतीला लागून, त्यामुळे पाठ दाराकडे. टेबल हलवायचं लोकांनी सुचवलं, पण मी जागा बदलत नसतो.

दोनतीन वर्षांपूर्वी कानांनी साथ सोडली. मी कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाईक मागून हाका मारून थकायचं आणि निघून जायचं. गावात बोलणं सुरू झालं की म्हातारा माजला. मला ते चाललं. माजलेल्या मिस्त्रीकडे लोक पंखा घेऊन येतात, बहिऱ्याकडे येत नाहीत. शिवाय अमरावतीला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने बजावून ठेवलं होतं की डोळे, कान, हात, यातलं एक जरी गेलं तरी दुकानाला कुलूप, आणि आम्ही दोघं नवराबायको त्याच्या तिसऱ्या मजल्यावर.

इलाज सापडला तो त्याच्याच बिल्डिंगच्या जिन्यात. तिथं माणूस आला की दिवा आपोआप लागायचा. मी तासभर वरखाली केलं. सुनेला वाटलं, सासरे रुसून जिन्यात बसले. वायरमनने सांगितलं, अंगाची गरमी ओळखणारा सेन्सर आहे. तसाच एक मी बाजारातून आणला. अर्ध्या लिंबाएवढी पांढरी टोपी होती त्याला. मेलेल्या मोबाइलची थरथरणारी मोटर आणि बॅटरी जोडली, आणि सारं कंबरदुखीच्या पट्ट्यात शिवलं. टोपी तेवढी मागे बाहेर. मागे माणूस आला की कंबरेत गुदगुल्या. चालताना त्याला भिंतसुद्धा माणूस वाटायची, म्हणून बसल्यावरच सुरू करायचा.

हिवाळ्यात पट्ट्याने कमाल केली. गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की मी न वळता म्हणायचो, बोला. मग सावकाश वळायचं आणि तोंडाकडे पाहायचं. अर्धं ओठांवरून समजतं, उरलेलं पंखा सांगतो. लोक मात्र कंबरेची चौकशी करू लागले. त्यांच्यासाठी मी उठताना कण्हू लागलो. बायकोने तेल चोळायला घेतलं, ते चोळूनही घेतलं.

मे महिना आला, दुकानात कूलरच्या मोटरींची रांग लागली, आणि ऐन कामाच्या दिवसांत पट्टा मुका झाला. बॅटरी बदलली, वायरींचे टाके पुन्हा मारले. सकाळी चालायचा, दुपारी मरायचा. चार दिवसांनी डोक्यात शिरलं. सेन्सर माणूस ओळखतो तो आजूबाजूपेक्षा गरम असतो म्हणून. आमच्या इकडे मेच्या दुपारी भिंत, टेबल, हवा, सारंच माणसाएवढं तापलेलं. त्याने माणूस शोधावा तरी कुठं?

अशाच एका दुपारी मुलगा न कळवता एसटीने आला. मागे उभा राहून किती हाका मारल्या कोण जाणे. खांद्यावर हात पडला तसा मी दचकलो, पेचकस खाली पडला.

तो समोर आला. "डोया लागला होता काय, बाबा?"

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. मी मान हलवलीही. पण त्याला पट्ट्यातली टोपी दिसली. पट्टा सोडवून घेतला, उलटासुलटा केला, टोपीसमोर हात फिरवला. काही नाही. तो हसला.

"भंगार आहे हे बाबा. चालत नाई."

चाळीस वर्षांत माझ्या कामाला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी पट्टा हिसकून घेतला, गळ्यातला दुपट्टा माठात बुडवला आणि पिळून टोपीसमोरून नेला. गार कापड दिसताच पट्टा थरथरला; त्याला फरक हवा, गरम असो की गार. दुसऱ्यांदा करून दाखवलं. पट्टा त्याच्या तळहातावर ठेवून तिसऱ्यांदा.

"पायलं? यंत्र पक्कं आहे. ऊन जास्त आहे. हिवाळ्यात मांगं कोनी उभं रायलं तर मले बराबर समजे."

त्याने पट्टा टेबलावर ठेवला. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसला आणि एकेक शब्द सुटा करून बोलला.

"अन् कान, बाबा?"

यंत्राची अब्रू वाचवण्याच्या भरात मी काय बोलून बसलो ते तेव्हा कुठं ध्यानात आलं. आता डुलकीचं कारण चालण्यासारखं नव्हतं. मी पेचकस उचलला आणि समोरच्या मोटरीचे स्क्रू काढत राहिलो. त्याने कुलपाचं नाव काढलं नाही. मी वर पाहिलं तसा, कानाचं मशीन लावाल तर दुकान चालू राहील, एवढंच म्हणाला. मी तोंड वाकडं करून कबूल झालो.

निघताना त्याने पट्टा पिशवीत टाकला. ऑफिसातल्या इंजिनियर लोकांना दाखवायचा म्हणाला. मी पिशवीत हात घालून तो परत काढला.

"अगुदर उनाळ्यात चालू दे. मंग नेजो."