राशिदची गाडी

काल इथे आखातात, आमच्या शहरातल्या वेस्ट बे भागातल्या सिग्नलला एक जुनी गाडी शेजारी थांबली. तिच्या कच्च्या पेट्रोलच्या वासाने मला अबू राशिद आठवले. अबू राशिद म्हणजे राशिदचे वडील. राशिद आजारपणात गेला, तरी सगळे त्यांना याच नावाने हाक मारत.

मी तेव्हा मेकॅनिक होतो; राशिदची अमेरिकन गाडी आमच्या गॅरेजमध्ये पडून होती. पूर्वी तिकडे ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या वेगाच्या शर्यतीसाठी, खास ऑर्डर देऊन अशा गाड्या बनवून घेत. इंजिन भलंमोठं, आणि वजन कमी व्हावं म्हणून रेडिओ, हीटर, मागची सीट कारखान्यातच वगळलेली. राशिदने तर ड्रायव्हरशेजारची सीटही काढून टाकली होती.

एका दुपारी अबू राशिद पांढराशुभ्र, पायघोळ थोब घालून आले. "सलीम, चालू कर," म्हणाले आणि शेजारच्या उघड्या पत्र्यावर बसले.

"बाबा, थोब खराब होईल."

"यल्ला, चालू कर."

मी किल्ली फिरवली. पत्रा थरथरू लागला, छातीत घुमू लागलं. डोळे मिटून त्यांनी गिअरवरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला.

"सावकाश, राशिद."

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. तरी तोंडून निघालं, "हो बाबा."

पुढे कित्येक दिवस त्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसायची मला भीती वाटायची. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं मी सगळ्यांना सांगायचो. आता मी स्वतः बाप आहे. वाटतं, शेजारी कोण बसलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या हाकेला कुणीतरी ओ द्यावी, एवढंच त्यांना हवं होतं.